बरगे घातल्यानंतरचा ओढा: उसाच्या खताचं आणि जलपर्णीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठचं एक गाव. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. ज्यांनी आपल्या खताच्या पावत्यांपासून गोठ्याच्या गटारीपर्यंत सगळं मोकळेपणानं दाखवलं, त्यांच्याकडे उद्या कुणी बोट दाखवू नये एवढंच त्यामागं कारण. मी माती आणि पाणी तपासणीच्या कामात आहे. या गावाशी माझा संबंध चार हंगामांचा.

गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. तिथून एक ओढा निघतो, शेवटचे दीडेक किलोमीटर दोन्ही बाजूंच्या उसातून वाहतो आणि नदीला मिळतो. ओढ्याच्या तोंडाखाली थोड्याच अंतरावर नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: या बंधाऱ्याला खांब असतात आणि खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात. पावसाळ्यात बरगे काढून नदी मोकळी सोडायची, पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुमारास ते परत घालायचे. बरगे घातले की पाणी चढतं आणि फुगवटा ओढ्यात आत शिरतो. जूनमध्ये धो धो वाहणारा ओढा नोव्हेंबरात तळ्यासारखा निपचित होतो. गावच्या नळपाणी योजनेचं जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, याच फुगवट्याच्या कडेला आहे.

रान काळं. ऊस आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेला) आणि पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला), थोडा सुरू (हिवाळ्याच्या अखेरीस लावलेला), बाकी खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाला परत फुटलेला. ओढ्याला लागून एक वस्ती आहे, तिथं दूधधंद्याच्या पंचवीस-तीस म्हशी. ओढ्याच्या वाटेवर कारखाना नाही, शहर नाही.

अडचण

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत फुगवट्याच्या कोपऱ्यात जलपर्णी दिसायची आणि होळीपर्यंत पाणी दिसेनासं व्हायचं. या वनस्पतीला ऊब आणि खत मिळालं की ती आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होते. दुपटीचा हिशेब फसवा असतो. अर्धा फुगवटा भरला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, पंधरा दिवसांनी पूर्ण भरला तेव्हा बैठक बोलावली. जॅकवेलच्या फूटव्हॉल्व्हला (पंपाच्या पाईपच्या तोंडाच्या झडपेला) मुळांचे झुपके अडकत होते, नळाच्या पाण्याला वास होता, संध्याकाळी डासांमुळे वस्तीवर बसवत नव्हतं.

बैठकीत पहिला तर्क नेहमीचाच निघाला: कारखान्याची मळी. दुसरा, कोल्हापूरचं सांडपाणी. सरपंच वहिनींनी तिथंच विचारलं, "आपला वढा कुठनं येतोय? कारखाना खाली, शहर त्याच्याही खाली. खालचं पाणी वर चढतंय व्हय?" त्या एका प्रश्नानं गावाची नजर नदीवरून स्वतःच्या रानाकडे वळली. माझ्या लेखी या प्रकरणातला पहिला खरा निर्णय तोच.

जलपर्णीला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही लागतं. पण गोड्या, साठलेल्या पाण्यात हिरवळीला बहुतेकदा स्फुरदाची टंचाई असते. ती टंचाई फिटली की बांध फुटतो. कॅनडात १९७३ साली एका तळ्याच्या मध्यावर पडदा लावून दोन भाग केले होते. एकात नत्र आणि कर्ब टाकलं, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरद. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच राहिला. तो प्रयोग शेवाळाचा होता, जलपर्णीचा नाही, तरी आमच्या ओढ्याला लागू पडण्याइतका तो जवळचा आहे.

आणि लागतं किती? साठलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण ०.०३ मिलीग्रॅमच्या वर एकूण स्फुरद गेलं की ते हिरवं होण्याच्या वाटेला लागतं, असं ढोबळमानानं धरतात. डीएपी या नेहमीच्या रासायनिक खताच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद असतं, पण ते ऑक्साइडच्या रूपात मोजलेलं. शुद्ध फॉस्फरस म्हणून मोजलं तर सुमारे १० किलो. म्हणजे पाच किलो डीएपी ओढ्यात गेलं तर तीन कोटी लिटर पाण्याला ती पातळी गाठायला पुरतं. पाच किलो डीएपी म्हणजे पोत्याचा एक कोपरा. शेतकऱ्याच्या हिशेबात ते सांडलवंडीत जातं, खिशाला जाणवतही नाही. पुढचं सगळं अवघड झालं ते यामुळेच.

समोरचे पर्याय

पहिल्या वर्षी चार गोष्टींची चर्चा झाली. तणनाशक फवारायची सूचना एका दुकानदारानं केली, ती तिथल्या तिथं बाद झाली. जॅकवेल तिथंच, म्हशी तिथंच पाणी पितात. शिवाय फवारून मेलेली जलपर्णी तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि घेतलेलं सगळं परत पाण्यात सोडते. जलपर्णीवर जगणारे भुंगे भारतात १९८० च्या दशकापासून सोडले जातात. ते काम करतात, पण सावकाश, आणि आमचा फुगवटा दर जूनला वाहून जाणारा. चार बरगे काढून पाणी सोडून द्यायचा विचार खालच्या गावाशी भांडण नको म्हणून सोडला. उरला जेसीबी.

जेसीबी आणायला विरोध कुणाचाच नव्हता, कारण त्यातून काहीतरी झाल्यासारखं दिसतं. दोन दिवसांत पाणी मोकळं झालं. फोटो निघाले, ग्रुपवर फिरले. काढलेला ढीग मात्र काठावरच टाकला, पाण्यापासून आठ-दहा फुटांवर. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे डोंगराएवढा ढीग महिनाभरात गुडघाभर काळ्या थरावर आला. मे महिन्यात वळवाचे दोन पाऊस झाले आणि तो थर ओघळून परत ओढ्यात गेला. पैसे देऊन आम्ही स्फुरद बाहेर काढलं आणि फुकटात परत आत सोडलं. ढीग तिथं टाकायला "चालतंय की" म्हणणाऱ्यांत मीही होते. ट्रॉल्या लावून माळावर नेला असता तर खत झालं असतं, पण ट्रॉलीचं भाडं कुणी द्यायचं यावर बोलणं अडलं होतं.

पाण्याची बाटली कुठं भरली

त्याच काळात मी पाण्याचा नमुना घेतला. फेब्रुवारीत, जलपर्णीच्या मधोमध, स्वच्छ बाटलीत. अहवाल आला: फॉस्फेट नगण्य. गावात लगेच बातमी पसरली, पाणी चांगलं आहे, खताचा काही संबंध नाही. ती बातमी मागं घ्यायला मला एक वर्ष लागलं.

चूक दुहेरी होती. जलपर्णीच्या खालचं पाणी तपासून स्फुरद शोधणं म्हणजे जेवून झालेल्या ताटात भात शोधणं. भात पोटात गेलेला असतो. दुसरं म्हणजे, प्रयोगशाळेनं नमुना आधी गाळला आणि विरघळलेलं फॉस्फेट तेवढं मोजलं. शेतातून येणाऱ्या स्फुरदाचा मोठा वाटा मातीच्या कणांना चिकटून येतो. काळ्या रानात ते चुन्याला धरून बसतं, तांबड्यात लोह-ॲल्युमिनियमला. पाणी गाळलं की तो वाटा गाळणीवरच राहतो. मी अर्जावर "एकूण स्फुरद" असं लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

खताच्या पावत्या

दुसऱ्या वर्षी आम्ही पाणी सोडून माती धरली. ओढ्याकडेच्या रानांचे नमुने घेतले, बहुतेकांत उपलब्ध स्फुरद "जास्त" किंवा "खूप जास्त" निघालं. मग घरोघर जाऊन पावत्या बघितल्या.

इथं एका शेतकऱ्याचा हिशेब सविस्तर देते. त्यांना आपण तात्या म्हणू. दोन एकर आडसाली, ओढ्याला लागूनच. कृषी विद्यापीठाची आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश. म्हणजे एकरी ६८ किलो स्फुरद, ते निम्मं लागणीला आणि निम्मं मोठ्या भरणीला, म्हणजे उसाच्या बुडख्याला माती चढवताना. भरणीच्या वाट्याला आले ३४ किलो, डीएपीत सांगायचं तर दीड पोतं. तात्यांनी एकरी दोन पोती डीएपी आणि तीन पोती १०:२६:२६ (२६ टक्के स्फुरद असलेलं मिश्रखत) टाकली होती. ४६ अधिक ३९, एकूण ८५ किलो. अडीच पट.

मी हिशेब मांडला तसे तात्या म्हणाले, "मॅडम, शहाऐंशी शून्य बत्तीस हाय. त्येला पंचवीस टक्के जास्त सांगितलंय." बरोबर होतं, को ८६०३२ जातीला तशी शिफारस आहे. ते धरूनही साडेबेचाळीसच होतात. तात्या थोडा वेळ पावतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शंभर टनवाला गडी ह्याच्यापेक्षा जास्त टाकतोय." एकरी शंभर टनांचं वेड या भागात गेली काही वर्षं चांगलंच भिनलं आहे, आणि त्या स्पर्धेत मातीचा अहवाल कुणी फ्लेक्सवर छापत नाही.

पण खरी गोष्ट मला रानात कळली. तात्यांनी खत सरीत फेकलं सोमवारी आणि भरणी केली शुक्रवारी, कारण पॉवर टिलर दुसऱ्याच्या रानात अडकला होता. चार दिवस खत उघड्यावर. मधल्या एका रात्री विजेची रात्रपाळी, मोटर ऑटो स्टार्टरवर, तात्या घरी झोपलेले. पहाटेपर्यंत सऱ्या भरून वाहिल्या आणि पाणी शेवटच्या सरीच्या तोंडातून चरानं थेट ओढ्यात. तो चर तात्यांच्या वडिलांनी पावसाचं पाणी निघून जावं म्हणून काढलेला. चराच्या तोंडाशी मला करड्या दाण्यांचा एक पट्टा दिसला, निम्मे विरघळलेले, बोटावर घेतले तर चिखलासारखे चुरगळणारे.

हे दिसूनही मी चुकीचा निष्कर्ष काढला.

जूनचा आराखडा

स्फुरद मातीबरोबर वाहतं, माती पावसात वाहते, पाऊस जूनमध्ये येतो. पुस्तकात हे असंच आहे. म्हणून तिसऱ्या वर्षीचा सगळा आराखडा पावसाळ्याभोवती बांधला. सुरू उसाची भरणी पावसाआधी उरकायची, लागणीचा डोस जोराच्या पावसात टाकायचा नाही, ओढ्याच्या कडेला बांध घालायचा. दहा-बारा शेतकऱ्यांनी मनापासून केलं. मी छत्री घेऊन जुलैत बाटल्या भरल्या, गढूळ पाण्यात एकूण स्फुरद भरपूर निघालं, मला हुरूप आला.

जानेवारीत जलपर्णी नेहमीसारखी हजर. फरक काडीचा नाही.

त्या बैठकीत लोक बोलत नव्हते, हे बोलण्यापेक्षा वाईट होतं. शेवटी पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी, म्हणजे रानांना पाळीनं पाणी सोडणारा, उठला. तो एरवी बैठकीत दारापाशी बसायचा. म्हणाला, "मॅडम, तुम्ही पावसात येऊन बाटल्या भरताय. तवाचं पाणी हितं थांबतंय कुठं? ते वाडीला कृष्णेत जाऊन फुडं आलमट्टीला पोचलं. बरगं घातल्यावर जे येतंय, ते हितं ऱ्हातंय. घातल्यावर पंधरा दिसांत पाणी हिरवं व्हायला लागतंय, मी रोज बघतोय की."

तो जे सांगत होता ते इतकं उघड होतं की मला उत्तर सुचलं नाही. जून ते सप्टेंबर ओढ्यातून जे वाहतं ते मोकळ्या नदीतून निघून जातं. खालच्या लोकांच्या पदरात पडतं हे खरं, आणि त्यासाठी पावसाळ्यातली काळजी वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण आमच्या फुगवट्याचं पोट ऑक्टोबरपासून भरतं. मी कागद घेऊन उसाचं वेळापत्रक त्या तारखेशेजारी मांडलं. पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबर, स्फुरदाचा निम्मा डोस तेव्हा. जुलै-ऑगस्टात लावलेल्या आडसालीची मोठी भरणी नोव्हेंबर-डिसेंबर, उरलेला निम्मा डोस तेव्हा. तोड झाली की खोडव्याचा पहिला डोस. मध्ये परतीचा पाऊस. तात्यांची ती वाहून गेलेली रात्रही नोव्हेंबरातलीच होती. वर्षातलं बरंचसं स्फुरद गाव नेमकं तेव्हाच टाकतं, जेव्हा ओढ्याचं तोंड बंद असतं. मी ते कधी एका कागदावर बघितलंच नव्हतं.

प्रत्यक्ष काय केलं

पुढच्या नोव्हेंबरच्या तयारीआधी एक रात्र आम्ही ओढ्यावर काढली. पाटकरी, तात्यांचा मुलगा आणि मी. रात्रपाळीचं पाणी सुरू असताना चार ठिकाणी बाटल्या भरल्या: उसाच्या वर माळाकडे, तात्यांच्या चराखाली, गोठ्यांच्या ओहोळात आणि फुगवट्यात. या वेळी न गाळता, एकूण स्फुरदासाठी. बाटल्याही साबणपावडर न लावता धुतलेल्या, कारण काही पावडरींत फॉस्फेट असतं आणि तेवढ्यानं नमुना खोटा पडतो. या तपासणीत स्फुरद असेल तितका द्रावणाला निळा रंग चढतो. मी त्या नळ्या स्टँडसकट देवळातल्या बैठकीत घेऊन गेले. पहिली जवळपास पाण्यासारखी, चराखालची निळी, गोठ्याची शाईसारखी, फुगवट्याची मधली. अहवालातले आकडे वाचून दाखवायची गरज पडली नाही. म्हशीवाले मात्र अस्वस्थ झाले. तोवर सगळा रोख उसावर होता.

कामं ठरली ती अशी. भरणीचं खत टिलर बांधावर आल्याशिवाय पोत्यातून काढायचं नाही. संस्थेनं टिलरची पाळी पाण्याच्या पाळीसारखी लावून द्यायची. खोडव्याला खत पहारीनं द्यायचं, बेटापासून वीतभर अंतरावर भोक घेऊन आत टाकायचं आणि मातीनं बुजवायचं. पाचट न जाळता सरीत पसरायचं, म्हणजे पाण्याचा वेग मोडतो. ओढ्याकडच्या टोकाला सरीचं तोंड बांधायचं आणि चर बुजवायचे. पावसाळ्यात ते उघडायची मुभा, कारण नाहीतर ऊस पाण्यात बसतो. ज्यांच्या अहवालात स्फुरद "खूप जास्त", त्यांनी निम्मा डोस कमी करून बघायचा.

या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद झाला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. झाला नाही. डीएपीचं पोतं १३५० रुपयांचं, कमी टाकून उसाचं उत्पादन घटत नाही हे एका हंगामात दिसलं तर लोक स्वतःच थांबतात. वाद झाला तो गवतावरून.

ओढ्याच्या काठानं दहा फुटांचा गवताचा पट्टा ठेवायचा, असं मी सुचवलं होतं. सरीतून सुटलेली माती गवतात अडते, विरघळलेल्यापैकी थोडं मुळं उचलतात. दहा फूट म्हणजे दोन-अडीच सऱ्या. आणि खरं सांगायचं तर त्या सऱ्यांपैकी बऱ्याच ओढ्याच्या हद्दीत होत्या. मोजणी आणायची भाषा एकानं केली आणि बैठक तिथंच मोडली. पुढच्या बैठकीत सरपंच वहिनींनी हद्दीचा शब्द काढायचा नाही असं आधीच बजावलं. पट्ट्यात नेपियर लावायचं, वैरण ज्याची त्याला, ज्याला म्हशी नाहीत त्यानं वस्तीवर विकायची. या बोलीवर सात जण तयार झाले. तात्या त्यांत नव्हते. त्यांनी चर बुजवला, सरी बांधली, पण काठाची सरी सोडली नाही.

गोठ्यांचं काम अर्धवट राहिलं. शेण उकिरड्यात जातं, प्रश्न गोठा धुतलेल्या पाण्याचा. शोषखड्डा काढायचा म्हटलं तर ओढ्याकाठी पाणी वरच लागतं, खड्डा भरून राहतो. शेवटी चार गोठ्यांचं पाणी पाईपनं वरच्या नेपियरमध्ये सोडलं. बाकीचे तसेच आहेत.

निकाल

चौथ्या वर्षी जलपर्णी आली, पण जानेवारीत नाही, मार्चच्या अखेरीस. एप्रिलमध्ये निम्म्याहून कमी फुगवटा झाकला होता. काढायला जेसीबी लागला नाही, दोन दिवस माणसं लावून भागलं, आणि या वेळी ट्रॉल्या माळावर गेल्या. फूटव्हॉल्व्ह उन्हाळ्यात एकदाच काढावा लागला.

यातलं किती श्रेय कामाला आणि किती त्या वर्षीच्या हवामानाला, हे एका हंगामावरून ठरत नाही. नदीतून फुगवट्यात रोपं येतात ती येतच राहणार. तळाच्या गाळात आधीच्या वर्षांचं स्फुरद साठलेलं आहे आणि तळातला प्राणवायू संपला की ते सुटून वर येतं. जलपर्णीचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं तग धरतं. डोस निम्मा केलेल्यांचा ऊस कमी पडला नाही. त्यांच्या रानात आधीचाच साठा इतका आहे की आणखी एक-दोन हंगाम तो पुरेल. नंतर परत माती तपासून डोस वाढवावा लागेल, हे मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे. नाहीतर "मॅडमनी खत बंद केलं" अशी गोष्ट तयार व्हायची.

वेगळं काय करता आलं असतं

पाटकऱ्याला पहिल्या बैठकीत विचारायला हवं होतं. तो बारा वर्षं रोज त्या पाण्यावर जातो. आम्ही सरपंच, सोसायटीचे चेअरमन, ग्रामसेवक, दुकानदार या सगळ्यांशी बोललो, आणि ज्याच्या हातात व्हॉल्व्हची चावी त्याच्याशी तिसऱ्या वर्षी.

पहिला नमुना फेब्रुवारीऐवजी नोव्हेंबरात, पाणी सुरू असताना, चराच्या तोंडाशी घ्यायला हवा होता. गाळायचं की नाही हे अर्जावर स्वतः लिहायला हवं होतं.

गोठ्याचा विषय उसाच्या आधी काढायचा की नंतर, यावर माझं मत अजून बदलतं. आधी काढला असता तर म्हशीवाले आणि ऊसवाले असे दोन तट पडले असते. नंतर काढला म्हणून त्यांना फसवल्यासारखं वाटलं. एका वस्तीवाल्या मावशींनी मला ऐकवलं, "आधी उसाचं नाव घेऊन आम्हाला बैठकीला बसवलासा." त्यात तथ्य होतं.

गवताच्या पट्ट्यासाठी सातऐवजी निदान तात्यांचं रान हवं होतं, कारण सगळ्यात जास्त उतार त्यांच्याच सरीला आहे. मी हद्दीचा वाद टाळायला जो तयार होईल त्याला घेतलं. सोयीची रानं मिळाली, गरजेचं राहिलं.

यंदा बरगे घालायची तारीख कळली की पाटकरी आठ दिवस आधी देवळाच्या स्पीकरवरून सांगणार आहे, खत उघडं ठेवू नका म्हणून. तात्यांनी परवा फोन केला होता. नेपियरची कांडी कुठं मिळेल ते विचारत होते. किती सऱ्यांसाठी, असं मी विचारलं. "एकच," म्हणाले, "ती बी निम्मी."